एकच बाही गरम

माझ्या मावशीने आयुष्यात कुणाला दोन ओळींचं पत्र लिहिलं नाही, पण लोकांच्या शर्टांवर मात्र ती एकतीस वर्षं लिहीत आली. तेही लाल दोऱ्याने, आतल्या बाजूने, आणि कुणाच्या बापाला वाचता येणार नाही असं.

ती लॉन्ड्रीत काउंटरवर बसते. कपडे घ्यायचे, खिसे चाचपायचे, डाग उजेडात धरून बघायचे आणि प्रत्येक कपड्याला नंबराची पट्टी लावून मागे धुवायला पाठवायचे, हे तिचं काम. नंबराची पद्धत मालकांच्या वडिलांनी घालून दिलेली. पण नंबर काय सांगतो, तर कपडा कुणाचा एवढंच. माणूस कसा आहे ते नंबर सांगत नाही, आणि मावशीच्या मते धंद्यातली खरी गोम तिथेच असते. मागच्या खोलीत तीन मशिनं धडधडतात, वर वाफेच्या इस्त्रीचा फुसफुसाट. तिथे काही सांगायचं तर घसा फाटेस्तोवर ओरडावं लागतं, आणि ओरडलं की गिऱ्हाइकालाही ऐकू जातं. म्हणून मावशीने खुणा काढल्या. शर्टाच्या खालच्या दुमडीत किंवा पँटच्या पट्ट्यात आतून, तिळाएवढ्या. त्या वाचता येणारा दुसरा माणूस म्हणजे इस्त्रीवाला. त्याला सगळे पैलवान म्हणतात, कारण तो हँगरला अडकवला तर शर्टासकट कपाटात मावेल. या दोघांनी एकतीस वर्षं तोंडातून ब्र काढला नाही. मी मावशीची सख्खी भाची, समोरच्या दातांच्या दवाखान्यात फोन उचलायला बसते, रोज दुपारचा चहा तिच्यासोबत घेते, आणि मलाही पत्ता नव्हता. याचा राग मला अजून आहे.

आता आमच्या भागाच्या ऑनलाइन गटाबद्दल सांगायला हवं. गटाचं नाव ‘असं का असतं?’. बसथांब्याच्या छपरावर दोन वर्षं एकच चप्पल का पडलेली आहे? कोपऱ्यावरच्या घराची बेल गुडघ्याएवढ्या उंचीवर का? पेनच्या टोपणाला भोक कशाला? एकाने विचारायचं आणि दोनशे जणांनी उत्तर द्यायचं, त्यातल्या एकशे नव्वद जणांना काही माहीत नसतं. पण माहीत नाही म्हणून गप्प बसेल तो माणूस गटात येईलच कशाला? मीही दिवसभर तिथेच पडीक. दात उपटून घ्यायला आलेली माणसं तशी फार बोलत नाहीत, मग मी काय करणार?

गटातले सर्वांत उत्साही सदस्य म्हणजे भूगोलाचे सर. शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण सगळं गाव अजून सरच म्हणतं. मार्चमध्ये त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि अनर्थाला सुरुवात झाली. इतकी वर्षं धूसर दिसणारं जग एकदम लख्ख झालं. सर रोज काहीतरी नवीन बघायचे आणि त्याचा फोटो टाकायचे. मुंगीच्या पायाचा, काडेपेटीवरच्या बारीक अक्षरांचा, स्वतःच्या नखांचा. एके दिवशी त्यांनी विचारलं, “लॉन्ड्रीतून शर्ट घरी आणताना एकच बाही गरम का असते? दुसरी नेहमी गार!” त्यावर कुणीतरी लिहिलं, “सर, एका हाताने उन्हात चालत असाल.” अठ्ठावीस जण हसले आणि विषय संपला.

तीन दिवसांनी सरांनी त्याच शर्टाच्या आतल्या बाजूचा फोटो टाकला. पांढऱ्या कापडावर लाल दोऱ्याची इवलीशी चंद्रकोर. खाली प्रश्न: “हे काय आहे? माझ्या सगळ्या शर्टांवर आहे.”

तासाभरात गाव उघडं पडलं. म्हणजे शर्ट काढून बसलं. माझ्या शर्टावर फुली आहे, माझ्या पँटवर त्रिकोण, आमच्या ह्यांच्या कोटावर नागमोडी रेघ, विजेसारखी. कुणी म्हणालं चोरांच्या खुणा आहेत, घर हेरून ठेवलंय. कुणी म्हणालं कारखान्यातली खूण. त्यावर एका आजोबांनी खडसावलं, “मी शर्टाच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली. असलं काही नसतं.” मग एका बाईंच्या लक्षात आलं की सगळे शर्ट एकाच लॉन्ड्रीतले आहेत.

मी फोन घेऊन तडक रस्ता ओलांडला. मावशी एका चादरीवरच्या शाईच्या डागाशी भांडत होती.

“हे तुझं काम ना?”

तिने फोन लांब धरून बघितला, मग जवळ. “टाका सुंदर आलाय,” ती म्हणाली. “फोटोत उठून दिसतो.”

मग तिने मला चहा देत सगळं सांगितलं, अगदी स्वयंपाकाची कृती सांगावी तसं. फुली म्हणजे बटणं मोजणारं गिऱ्हाईक. त्याच्यासमोर आधी बटणं मोजायची, नाहीतर होतं नव्हतं ते सगळं आपल्या गळ्यात. त्रिकोण म्हणजे भांडायलाच येतो, त्याचा कपडा मावशीनेच हातात द्यायचा, दुसऱ्या कुणी नाही. एक आडवा टाका म्हणजे खिशात काहीतरी राहणारच. आणि नागमोडी?

“उद्या सकाळी म्हणजे सकाळीच पाहिजे, असं छाताडावर बसून सांगतो, आणि आठवड्याने उगवतो. त्याचा कपडा सगळ्यांच्या खाली.”

मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. मग मी विचारलं, “आणि सरांची चंद्रकोर?”

मावशीने आधी दाराकडे पाहिलं. “सरांच्या बाई गेल्या त्याला चार वर्षं झाली. पहिले दोन महिने सर आलेच नाहीत. मग आले ते दर दोन दिवसांनी एक शर्ट घेऊन. शर्ट धुतलेला असतो गं. कॉलरला मळ नाही, साबणाचा वास येतोय, आणि मी काय पावती फाडताना डोळे मिटते? पण माणूस शर्ट द्यायला येत नाही, हे मला कळत नाही होय? न्यायला आले की घटकाभर त्या स्टुलावर बसतात, नद्या कुठून कुठे वाहतात ते सांगतात. कपडा तयार असला तर घेऊन जावंच लागतं ना? उगाच कसं बसणार? लाजरा माणूस. म्हणून पैलवानला सांगितलं, चंद्रकोर दिसली की एक बाही शिल्लक ठेव. सर आले की मी म्हणते, एक बाही राहिलीय, बसा. खोटं बोलणं नको आणि काही नको.”

मी अर्धा चहा तसाच खाली ठेवला. माझ्यासारखी बाई चहा टाकते म्हणजे बघा.

“अशी किती जणं आहेत?”

“पाच,” मावशी म्हणाली. “आणि तू हे कुणाला बोललीस तर तुझ्या ड्रेसवर मी त्रिकोण काढीन.”

मी बोलले नाही. पण मी त्याहून मोठा शहाणपणा केला. लोकांचं लक्ष दुसरीकडे वळवावं म्हणून मी गुलाबाच्या फुलाचा फोटो लावून एक खोटं खातं उघडलं आणि त्यावरून लिहिलं, “या खुणा कापडाच्या दर्जाच्या असतात.” करायला गेले एक आणि झालं भलतंच. दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीसमोर रांग. एक बाई रागारागाने आल्या, “आमच्या ह्यांच्या शर्टांना नुसता एक टाका आणि शेजारणीच्या पडद्यांना त्रिकोण? आमचं कापड काय रस्त्यावर पडलंय?” नागमोडीवाल्यांनी ठरवून टाकलं की ती वीज आहे आणि आपण खास गिऱ्हाईक आहोत. त्यांनी आपला वेगळा गट काढला, त्याला नाव दिलं ‘वीज मंडळ’. त्यातल्या एकाने मोटरसायकलवर वीज काढून घेतली. बिचाऱ्याचा कोट तेव्हा आठ दिवस लॉन्ड्रीत ढिगाच्या तळाशी होता.

हे सगळं मालकांच्या कानावर गेलं. मालक म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा, वागायला सभ्य, पण गिऱ्हाईक नाराज होईल या भीतीने रात्रंदिवस अर्धमेला. त्याने मावशीला विचारलं, या खुणा कसल्या. मावशी म्हणाली, कामाच्या. तो म्हणाला, कसल्या कामाच्या? मावशी म्हणाली, माझ्या.

सर तोवर स्वस्थ बसले नव्हते. त्यांनी गटात एक तक्ता टाकला आणि सगळ्यांना भरायला लावला. नाव काय, खूण कोणती, कपडा कोणता, गल्ली कोणती, लॉन्ड्रीत किती मिनिटं थांबावं लागतं. शेवटचा रकाना होता, ‘घरात माणसं किती’. लोकांनी चेष्टा केली, “सर, कपडे मोजताय की जनगणना?” पण भूगोलाचा माणूस, लोकसंख्येचा रकाना आखल्याशिवाय त्यांना तक्ता पुरा झाल्यासारखा वाटत नसावा. त्र्याऐंशी जणांनी भरला. आणि गुरुवारी सरांनी निष्कर्ष जाहीर केला.

“चंद्रकोरवाल्या पाच गिऱ्हाइकांना सरासरी पस्तीस मिनिटं थांबवलं जातं. बाकी कुणालाही सातच्या वर नाही. हा योगायोग नाही. आम्हाला मुद्दाम ताटकळत ठेवलं जातं. गरम बाही हाच पुरावा! मी शनिवारी संध्याकाळी पाच वाजता लॉन्ड्रीत जाऊन जाब विचारणार आहे.”

खाली एकशे चार जणांनी मुठी आवळल्या. मालकाने मावशीला आत बोलावलं. मी चहाचे कप घेऊन दारातच होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

“मावशी, शनिवारी सर सगळ्यांसमोर विचारतील, तेव्हा तुम्ही खरं काय ते सांगायचं. त्यात गिऱ्हाइकाचा अपमान निघाला तर मला इलाज नाही. सोमवारपासून तुम्ही यायचं नाही.”

घरी जाताना मी मावशीच्या मागेच लागले. “सरळ सांगून टाक ना! तू तर भलंच केलंस त्यांचं!”

“काय सांगू?” ती थांबली. “पन्नास माणसांपुढे सांगू, की सर, तुम्ही धुतलेले शर्ट आणता हे मला ठाऊक आहे? तुम्हाला घर खायला उठतं म्हणून मी तुमची बाही राखून ठेवते? अगं, तो माणूस त्यानंतर या रस्त्याने जाईल का?”

“मग नोकरी जाईल.”

“जाईल,” ती म्हणाली. थोडं चालल्यावर तिचा आवाज एकदम बारीक झाला. “मला घरी काय आहे गं? एक टीव्ही आहे, तोही माझं ऐकत नाही.”

मला तेव्हा पहिल्यांदाच कळलं की या पाच माणसांत सहावी कोण आहे. रडू आलं आणि रागही आला, सरांचा, मालकाचा, त्या गुलाबाच्या फुलाचा.

शनिवारी पाचला लॉन्ड्रीत पाय ठेवायला जागा नव्हती. वीज मंडळ सगळ्यांत पुढे. सर इस्त्रीच्या कडक शर्टात आले, हातात तक्त्याची छापील प्रत. स्टूल रिकामं होतं, पण त्या दिवशी ते बसले नाहीत.

“बाई,” ते म्हणाले, “मी चार वर्षं इथे येतोय. तुमच्याशी मी मोकळेपणाने बोललो. आणि तुम्ही मला मुद्दाम थांबवून ठेवत होतात. हो की नाही?”

“हो,” मावशी म्हणाली.

गर्दीतून ‘आँ’ असा आवाज आला. सरांचा चेहरा पडला. मला वाटतं, ती नाही म्हणेल अशी त्यांना मनातून आशा होती.

“का?”

मागे इस्त्रीचा आवाज थांबला. पैलवान दारात येऊन उभा होता. त्याने तोंड उघडलं, तसं मावशीने त्याच्याकडे असं पाहिलं की ते आपोआप मिटलं. मी तिच्या शेजारीच होते, मी काही बोलायच्या आत तिने काउंटरखालून माझ्या हाताला चिमटा काढला. अजून वळ आहे.

“आळस, सर,” ती म्हणाली. “जी माणसं गरीब स्वभावाची, कधी आवाज चढवत नाहीत, त्यांचे कपडे मागे ठेवायचे. बाकीच्यांची कटकट आधी मिटवायची. चंद्रकोर म्हणजे एवढंच. माझं चुकलं.”

सरांनी तक्त्याची चार वेळा घडी घातली. “बरं,” ते म्हणाले, आणि आपला शर्टही न घेता निघून गेले. मालकाने मावशीकडे न बघता सांगितलं, “सोमवारी येऊ नका.” मावशीने पिशवीत आपला चष्मा, कात्री आणि लाल दोऱ्याचं रीळ टाकलं. वीज मंडळातल्या एकाने तेवढ्यात विचारून घेतलं, “मावशी, आणि आमची वीज?” मावशी म्हणाली, “तुमचं काय सांगू? तुमच्यासारखे तुम्हीच.” तो खूश होऊन गेला.

रविवारी मी सकाळपासून गट उघडून बसले होते. लोक विचारून विचारून थकले, सर, काय झालं? सर, निकाल सांगा! सरांचं उत्तर नाही. मी मनातल्या मनात त्यांना इतक्या शिव्या घातल्या की त्यांना दिवसभर उचक्या लागल्या असतील. संध्याकाळी सहाला त्यांचा मजकूर आला. तो मी जसाच्या तसा जपून ठेवला आहे.

“काल मला उत्तर मिळालं, पण ते आकड्यांशी जुळेना. गरीब स्वभाव म्हणाल, तर चंद्रकोरवाल्यांत एक निवृत्त नर्स आहेत, त्या भल्याभल्यांना घाम फोडतात. म्हणून तक्ता पुन्हा पाहिला. चूक माझी होती. मी शेवटचा रकाना वाचलाच नव्हता. तुम्हीही वाचायला जाऊ नका, मी तक्ता काढून टाकला आहे. चंद्रकोरीचा अर्थ ‘सावकाश हाताळा’ असा आहे. ही खूण नाजूक कपड्यांना करतात. विषय संपला.”

मी तक्ता आधीच उतरवून घेतला होता. उघडून पाहिला. सर, नर्सबाई, दुकानामागच्या खोलीत राहणारे घड्याळजी, दोन्ही मुली परदेशी गेलेल्या काकू, गाण्याच्या क्लासवाल्या बाई. ‘घरात माणसं किती’ या रकान्यात वरून खालपर्यंत, एक, एक, एक, एक, एक.

गटात मात्र कुणाला काही कळलं नाही. चार जणांनी लिहिलं, “म्हणजे आमचे कपडे नाजूक नाहीत का?” मग कुणीतरी दिव्याच्या खांबावर उलटा लावलेला बाण टाकला आणि सगळे तिकडे धावले.

त्याच संध्याकाळी सर मालकाच्या घरी गेले. काय बोलले ते मालक सांगत नाही. पण नर्सबाईही सोबत होत्या एवढं कळलं, आणि त्यावरून मी काय तो अंदाज बांधला. आठ वाजता मालकाचा फोन आला, मावशी, उद्या जरा लवकर या, चादरींचा ढीग पडलाय. मावशी म्हणाली, “बघते.” फोन ठेवला आणि तिथल्या तिथे पिशवीतला चष्मा काढून पुसायला लागली.

सोमवारी मी दुपारचा चहा चार वाजताच घेऊन गेले. दवाखान्यात एक जण तोंड उघडं टाकून बसला होता, पण त्याला डॉक्टर बघून घेतील म्हटलं. सरांचा शनिवारी राहिलेला शर्ट पैलवानाने हँगरला लावून पुढे आणून ठेवला होता. मी हात लावून बघितला. दोन्ही बाह्या कधीच झालेल्या, दोन्ही गार.

पाचला पाच कमी असताना सर आले. मावशी पावतीपुस्तकात डोकं घालून बसली होती. शिळ्या पावत्या इतक्या लक्ष देऊन वाचताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. सर काउंटरपाशी उभे राहिले. रिकामे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना, म्हणून ते त्यांनी मागे घेतले.

“तुमचा शर्ट तयार आहे, सर,” मावशी खाली बघूनच म्हणाली. “पूर्ण तयार आहे.”

“असू दे.”

“आज धुवायला काय आणलंय?”

“आज काही नाही आणलं,” सर म्हणाले. “नुसताच आलो.”

मावशीने पावतीपुस्तक मिटलं, वर बघितलं आणि पायाने स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

“मग वेळ लागेल,” ती म्हणाली. “बसा.”